एकदाच लिहिलेलं वजन

कापसाची गाडी जिनिंगच्या, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, फाटकातून आत आली की तिचं वजन किती जण लिहितात? काट्यावरचा माणूस पावतीवर लिहितो. ग्रेडर ओलावा आणि कवडी (डागी, खराब कापूस) बघून भाव ठरवतो, तेव्हा तोच आकडा आपल्या वहीत उतरवून घेतो. गाडी खाली झाली की काट्यावर दुसरं वजन होतं. मुनीमजी भरलेल्यातून रिकामं वजा करून हिशेबाची पट्टी बनवतात, रोखपाल पट्टी बघून खतावणीत नोंद करतो, आणि संध्याकाळी ऑफिसातली ताई हे सगळं एक्सेलमध्ये भरते. गाडी एक, कापूस तोच, आणि आकडा पाच-सहा हातांतून फिरतो.

7,430 चे 7,340 व्हायला मनात पाप असावं लागत नाही. दिवाळीनंतरची आवक, फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत रांग, सकाळपासून एकाच खुर्चीवर बसलेला माणूस. तेवढ्यात 90 किलो गेले. क्विंटलला 7,000 भाव धरला तर 6,300 रुपये झाले. ज्याची कोरडवाहू जमीन आहे, ज्याला त्याच पैशातून वेचणीची मजुरी चुकती करायची आहे, त्याच्यासाठी ही रक्कम लहान नाही. चूक उलट्या बाजूने झाली तर मालकाचे पैसे जातात आणि संशय काटेवाल्यावर येतो. मापात पाप म्हणतात, पण मी पाहिलेलं बरंचसं पाप मापात नव्हतं. माप बरोबर होतं. ते एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जाताना बिघडत होतं.

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात कारखान्यांना नेटवर्क बसवून देणं हा माझा व्यवसाय आहे. डाळमिल, चटईचे कारखाने, पाइपवाले, ऑइल मिल, असे सगळे मिळून. 'आमचा कारखाना खेड्यावरचा, आम्हाला हे कशाला?' असं विचारणारे मालक अजून भेटतात. त्यांना मी अमळनेरची आठवण करून देतो. 1945 साली तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची खाद्यतेलाची कंपनी निघाली. तीच पुढे 1980 च्या सुमाराला संगणकांकडे वळली आणि विप्रो म्हणून जगभर गेली. तेलाच्या कारखान्याला संगणक परका, असं खान्देशात तरी कुणी म्हणू नये. पण खरं उत्तर त्याहून साधं आहे: आकडा जिथे तयार होतो तिथेच तो एकदा नोंदला जावा आणि पुढच्या प्रत्येकाने तोच बघावा. केबल, स्विच (केबली एकत्र जोडून निरोप पुढे पाठवणारी पेटी), सर्व्हर हा सगळा खटाटोप तेवढ्यासाठीच असतो.

हे मला सगळ्यांत नीट कळलं ते धरणगाव बाजूच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये. पुढे रस्त्याला लागून फाटक आणि भुईकाटा, मग कापसाच्या गंज्यांचं मोठं मैदान, पलीकडे जीनचा हॉल, त्याला लागून प्रेस, मागे रुईच्या गाठींचं गोदाम, आणि एका अंगाला सरकीची ऑइल मिल. ऑफिस जुन्या बंगल्यात, सगळ्यांपासून लांब. सगळीकडच्या चिठ्ठ्या एक माणूस सायकलवर गोळा करून ऑफिसात आणायचा.

अशा ठिकाणी आधी टेप घेऊन मोजमाप करायचं असतं, पण त्याहीआधी माणसांना विचारायचं असतं. मालक सांगतो ते कारखाना कसा चालावा याबद्दल असतं. तो खरोखर कसा चालतो हे काट्यावरचे आप्पा, प्रेसवरचा मिस्त्री आणि हमालांचा मुकादम यांना ठाऊक असतं. आप्पांनी माझा नकाशा बराच वेळ न्याहाळला आणि एकच प्रश्न विचारला, "भाऊ, हाई वायर तुटी गई ते गाडी उभीच ऱ्हाई का?"

त्या प्रश्नावर अख्खी आखणी ठरली. काट्याचा संगणक ऑफिसच्या सर्व्हरवर अवलंबून ठेवायचा नाही. वायर तुटो, ऑफिसची लाईट जावो, काट्यावर वजन होणार, तिथल्या तिथे साठणार आणि पावती छापली जाणार. जोडणी परत आली की साठलेल्या नोंदी आपोआप पुढे जातील. रांगेत तिसऱ्या नंबरवर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्याला नेटवर्क नावाची काही वस्तू आहे हे कळायचीसुद्धा गरज पडू नये.

आता केबलचं. तांब्याच्या ज्या केबलने संगणक जोडतात तिची मर्यादा 100 मीटर. त्यापुढे खात्री नाही. फाटकापासून ऑफिस त्याच्या तिप्पट लांब होतं. मधे स्विच टाकून दोन-तीन टप्प्यांत तांबं नेता येतं, स्वस्तही पडतं, आणि बरेच जण तसं करतात. मी त्याला ठाम विरोध करतो, आणि त्याचं कारण जूनमधलं आभाळ. खान्देशात वळवाचा पहिला पाऊस विजा घेऊन येतो. दोन वेगळ्या इमारतींचं अर्थिंग वेगवेगळं असतं. जवळ वीज पडली की दोन्हींकडच्या जमिनीच्या विद्युत दाबात, म्हणजे व्होल्टेजमध्ये, क्षणभर प्रचंड फरक पडतो, आणि तांब्याची केबल त्या फरकाला वाट करून देते. दोन्ही टोकांची यंत्रं एकदम जातात. बोदवडकडच्या एका कारखान्यात सात-आठ यंत्रं एका रात्रीत गेलेली मी पाहिली आहेत, काट्याच्या इंडिकेटरसकट. फायबर म्हणजे प्रकाशातून निरोप नेणारी काचेची तार, आणि काच वीज वाहून नेत नाही. म्हणून इमारतीच्या आत तांबं आणि दोन इमारतींमध्ये फायबर, हा माझा नियम.

फायबर टाकायला एचडीपीई, म्हणजे टणक प्लास्टिकचा, पाइप लागतो, आणि पाइपसाठी जळगावकरांना लांब जावं लागत नाही. चर खोदला, पाइप अंथरला, वर विटांचा थर आणि पिवळी पट्टी टाकली, म्हणजे पुढे कुणी कुदळ मारली तर आधी पट्टी दिसावी. उंदरांसाठी पाइपची दोन्ही तोंडं बंद केली. जिनिंगमध्ये सरकी असते आणि सरकी असेल तिथे उंदीर असणारच.

फायबरचा जोड देणं मला या सगळ्या कामात सगळ्यांत जास्त आवडतं. आतली काच 125 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची आणि त्यातही प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो फक्त 9 मायक्रॉनचा. वरचं आवरण सोलायचं, स्पिरिटने पुसायचं, कटरने अगदी काटकोनात तोडायचं, आणि दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. छोट्या पडद्यावर ती दोन टोकं भल्या मोठ्या दांड्यांसारखी दिसतात, हळूहळू जवळ सरकतात, ठिणगी पडते आणि मधली रेघ नाहीशी होते. जोडात किती प्रकाश हरवतो ते डीबीमध्ये पडद्यावर येतं; 0.02 डीबी आलं की जोड उत्तम. पण त्या 9 मायक्रॉनवर रुईचा एक तंतू जरी बसला तरी जोड वाया. जिनिंगच्या आवारात हंगाम संपल्यावरसुद्धा रुई हवेत असते, पत्र्याच्या कैच्यांवर असते, वारा आला की खाली येते. आम्ही गाडीच्या काचा वर करून, पंखा बंद ठेवून, मागच्या सीटवर मशीन मांडून जोड दिले. मे महिना होता, पारा 45 च्या पुढे जात होता. म्हणून पहाटे सुरू करायचं आणि ऊन तापायच्या आत आवरायचं. दुपारी फक्त सावलीतली कामं.

उन्हाळ्याचा हिशेब यंत्रांच्या निवडीतही करावा लागतो. ऑफिसात वापरतात ते बहुतेक स्विच 40 अंशांपर्यंत चालतील असं गृहीत धरून बनवलेले असतात. पत्र्याच्या छपराखाली, भिंतीवरच्या बंद पेटीत ते किती दिवस टिकणार? शिवाय त्यातल्या बऱ्याच स्विचना पंखा असतो आणि पंखा रुई ओढून घेतो. महिन्याभरात आत गादी तयार होते. ती तापते, आणि जिनिंगमध्ये तापलेल्या रुईचा अर्थ प्रत्येकाला माहीत आहे. खान्देशात कापसाच्या आगी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून जीनच्या हॉलमध्ये बिनपंख्याचे, 75 अंश सोसणारे औद्योगिक स्विच, तेही धूळ आत जाणार नाही अशा पेटीत. त्यांची किंमत ऐकून मालकांनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, शेठ, सर्व्हर स्वस्तातला घ्या, हे नका. त्यांनी ऐकलं. हॉलमध्ये ड्रिल चालवायच्या आधी प्रत्येक वेळी जागा झाडून घेतली, पाण्याची बादली आणि अग्निशामक जवळ ठेवला, आणि ड्रिल झाल्यावर एक माणूस तिथेच बसवून ठेवला. हंगाम नसला तरी.

तांब्याच्या केबलला हॉलमध्ये आणखी एक त्रास असतो. डबल रोलर जीनच्या मोटारी ओळीने चालतात, काहींवर वेग बदलणारे ड्राइव्ह असतात. त्यांच्या पॉवर केबलला लागून डेटाची केबल नेली तर अधूनमधून गोंधळ होतो, आणि अधूनमधून होणारा बिघाड शोधणं हा सगळ्यांत मोठा ताप. म्हणून पत्र्याचा वेगळा ट्रे, मधे अंतर, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात. वायरमनला हे पटायला वेळ लागतो, कारण एकच ट्रे सोपा पडतो. इथल्या वायरमनने मात्र स्वतःहून तीन ठिकाणी वाट बदलली.

आप्पांच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर म्हणजे गोल फिरून येणारी फायबर. फाटक, जीन, प्रेस, गोदाम, ऑफिस आणि परत फाटक. जेसीबीने कुठे एका जागी तोडली तर निरोप उलट्या बाजूने जातो. पण असा गोल नुसता जोडून दिला तर तोच निरोप गरगर फिरत राहतो आणि काही क्षणांत अख्खं नेटवर्क बसतं. त्यावरचा उपाय राडिया पर्लमन या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी 1985 मध्ये काढला. स्विच आपसात बोलून ठरवतात की गोलातला एक दुवा तात्पुरता मिटून ठेवायचा आणि दुसरा तुटला तरच उघडायचा. त्याचीच सुधारलेली रूपं आज वापरात आहेत. मी आप्पांना बोलावलं, त्यांच्यासमोर एक फायबर उपसली आणि वजन घ्यायला सांगितलं. पावती आली. ऑफिसातून फोन आला, गाडी दिसली म्हणून. आप्पा काही बोलले नाहीत, पण त्यानंतर त्यांनीच बाकीच्यांना समजावायला सुरुवात केली.

काट्याच्या इंडिकेटरला हात लावताना फार जपावं लागतं. त्यावर वैधमापन खात्याचं सील असतं. दरवर्षी निरीक्षक येऊन प्रमाणित वजनं ठेवून तपासतो आणि मगच ते लागतं. ते उघडायचं नाही, त्याची आवश्यकताही नसते. मागच्या बाजूला प्रिंटरसाठी एक सीरियल पोर्ट असतो. वजन त्यातून सतत बाहेर पडत असतं. तिथून ते फक्त ऐकायचं. आकडा स्थिर झाला, गाडी प्लॅटफॉर्मवर पूर्ण आहे, की नोंद करायची. त्या नोंदीत कुणालाही बोटाने आकडा बदलता येऊ नये, यावर मी अडून बसलो. दुरुस्ती करायची असेल तर नवी नोंद करा, जुनी तशीच दिसू द्या, खाली कारण लिहा. मुनीमजी लगेच म्हणाले, वहीतही आम्ही खाडाखोड करत नाही, आडवी रेघ मारून वर लिहितो. पिढ्यान्‌पिढ्या वहीने पाळलेली शिस्त होती ही. ती तशीच पडद्यावर आणली.

प्रेसचा पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा संगणक, मॉडबस नावाची भाषा बोलतो. ही भाषा 1979 सालची, प्रेसवरच्या मिस्त्रीच्या जन्माआधीची, आणि अजूनही जगभरच्या कारखान्यांत चालते. तिच्यात पासवर्ड वगैरे काही नाही. जो विचारेल त्याला ती उत्तर देते आणि जो हुकूम देईल त्याचं ऐकते. म्हणून ऑफिसचं नेटवर्क आणि यंत्रांचं नेटवर्क एकाच केबलवर असूनही वेगळं ठेवलं. ऑफिसातून प्रेसचे आकडे वाचता येतात, प्रेसला काही सांगता येत नाही. ईमेलमधल्या एखाद्या फसव्या फाइलमुळे दाबाखाली असलेली प्रेस हलू शकते, ही शक्यता माझ्या मनातून जात नाही. तिथे माणसाचे हात असतात.

हंगाम सुरू झाला आणि मग ज्या गोष्टीची कुणीच अपेक्षा केली नव्हती ती दिसायला लागली. 100 किलो कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी सरकी, आणि थोडी घट. गाठ 170 किलोच्या आसपास भरते. आलेला कापूस एका बाजूला, रुई आणि सरकी दुसऱ्या बाजूला, हा मेळ पूर्वी महिनाअखेरीस बसवायचे आणि तो कधीच बसायचा नाही. घट जास्त यायची. मग कुजबुज, मैदानावरच्या माणसांच्या पिशव्या तपासणं, मुकादमाशी वाद. कित्येक हंगाम ती माणसं तो संशय अंगावर वागवत होती.

आता प्रत्येक वजनावर वेळ होती. कुठली गंजी कधी पडली आणि कधी जीनला गेली हे समोर दिसत होतं. ज्या गंज्या जास्त दिवस उन्हात राहिल्या त्यांच्यात घट जास्त होती. थंडीत पहाटे, दव पडल्यावर आलेला कापूस तोलताना जड भरत होता आणि मैदानावर सुकून हलका होत होता. चोरी नव्हतीच. पाणी उडत होतं. मालकांनी दोन-तीन आठवड्यांचे आकडे शेजारी मांडून पाहिले, मुकादमाला ऑफिसात बोलावून खुर्ची दिली आणि पडदा त्याच्याकडे वळवला. पिशव्या तपासणं त्या दिवसापासून बंद झालं. त्यानंतर ओलावा फाटकावरच मोजून वजनाबरोबर नोंदायला लागले, आणि आधी आलेली गंजी आधी जीनला, असा नियम झाला. मी या व्यवसायात का आहे असं कुणी विचारलं तर मी त्या वळवलेल्या पडद्याचं नाव घेईन.

म्हणूनच कॅमेऱ्यांवरून आमचा थोडा वाद झाला. केबल आलीच आहे तर प्रत्येक मशीनवर कॅमेरा लावू, कोण काम करतं कोण नाही ते दिसेल, असं धाकट्या शेठचं म्हणणं. फाटक, गोदाम, आगीचा धोका असलेल्या जागा, इथे कॅमेरा हवाच. पण जीनवर दिवसभर उभ्या असलेल्या बायकांच्या तोंडावर कॅमेरा रोखायला माझा विरोध होता आणि आहे. नेटवर्कने मालावर नजर ठेवावी. त्या बायकांची हजेरी आधीच एका अंगठ्याच्या मशीनने बिघडवून ठेवली होती. कापूस वेचून, बोंडांची टोकं लागून, भांडी घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. मशीन लाल दिवा दाखवायचं, रांग थांबायची, आणि वेळेवर आलेली बाई उशिरा आली म्हणून मांडली जायची. अंगठा काढून टाकला, प्रत्येकीला गळ्यात घालायचं कार्ड दिलं. त्याच केबलवर, किरकोळ खर्चात.

सगळ्यांत शेवटी मी एक मागणी केली, ती कंत्राटात नव्हती. काट्याच्या खोलीबाहेर, गाडीवाल्याच्या बाजूला, मोठ्या लाल आकड्यांचा डिस्प्ले. ऑफिसात जो आकडा गेला तोच बाहेर दिसेल, उन्हातही वाचता येईल एवढा. भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ. मोठ्या शेठनी विचारलं, यातून आपल्याला काय? मी म्हटलं, पुढच्या वर्षी हाच शेतकरी गाडी दुसऱ्या जिनिंगला नेणार नाही. त्यांनी डिस्प्ले लावला. आता एरंडोल-पारोळ्याकडून येणारे शेतकरी आधी मोबाईलने त्या आकड्यांचा फोटो काढतात, मग पावती घेतात, आणि चुकारा घेताना दोन्ही जुळवून बघतात. कुणी त्यांना तसं करायला सांगितलेलं नाही.

मुनीमजींची लाल वही अजून चालू आहे. दिवसाच्या शेवटी ते पडद्यावरची बेरीज वहीत घेतात आणि मनातल्या मनात पडताळतात. ती बंद करा असं मी सुचवलेलं नाही, सुचवणारही नाही. दोन वेळा त्यांनीच सर्व्हरच्या अहवालातली आखणीची चूक पकडून दिली आहे. सायकलवरच्या माणसाला आता फाटकावर ओलावा मोजायचं काम आहे, मॉइश्चर मीटर त्याच्या हातात असतो.

ऑइल मिल मात्र अजून जोडायची राहिली आहे. सरकी तिकडे जाते, तेल आणि ढेप बाहेर येते, आणि त्याचे आकडे आजही चिठ्ठीवर येतात. हंगामात चर खोदता येत नाही, गाड्यांना वाट लागते. पाइप गोदामात आणून ठेवला आहे. काम आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर.